उंची वाढली, तरी मुलगा खुश का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १४ वर्षांचा आहे. अकराव्या वर्षी त्याची उंची १२३ सें.मी. होती आणि तपासण्यांमध्ये ग्रोथ हॉर्मोनची कमतरता आढळली. तेव्हापासून तीन वर्षे रोज रात्री इंजेक्शन चालू आहे. उंची आता १४८ सें.मी. आहे, हाडांचे वय (एक्स-रेवरून ठरवलेली हाडांच्या वाढीची अवस्था) १३ आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत. मुलगा मात्र समाधानी नाही. तो गॅदरिंगमध्ये भाग घेत नाही, सहलीला जात नाही, आठवड्यातून एखाद-दोन इंजेक्शने चुकवतो आणि गेल्या महिन्यापासून ‘आता बास, बंद करा’ म्हणतो आहे. वडिलांची उंची १६८ आणि आईची १५२ सें.मी. आहे. एवढा खर्च आणि खटपट करूनही मुलाचे आयुष्य सुखाचे होत नसेल तर उपचार चालू ठेवावेत का, आणि दहा वर्षांच्या, १२७ सें.मी. उंचीच्या धाकट्या मुलीलाही, तिच्या सर्व तपासण्या व्यवस्थित असताना, वेळीच इंजेक्शने सुरू करावीत का, असे आईने विचारले आहे.

माझे मत आधीच सांगते. मुलाचे उपचार बंद करू नयेत आणि मुलीचे सुरू करू नयेत. मुलाच्या नाराजीचे कारण औषधाच्या परिणामात नाही. त्या औषधाच्या भोवती घरात आणि शाळेत जे घडते आहे, तिथे ते शोधावे लागेल. हे तिन्ही निष्कर्ष एकाच विचारातून निघतात, म्हणून तो विचार जरा सविस्तर मांडते.

आपण ‘जीवनमान’ हा शब्द वापरलेला नाही हे मला बरे वाटले, कारण तो उच्चारला की पगार, घर आणि गाडी डोळ्यांसमोर येतात. वैद्यकात ज्याला आम्ही जीवनाची प्रत (क्वालिटी ऑफ लाइफ) म्हणतो ती वेगळी गोष्ट आहे. आपले शरीर, मन, मैत्री आणि शाळा यांबद्दल त्या व्यक्तीला स्वतःला काय वाटते, हे त्यात मोजायचे असते, आणि ‘स्वतःला’ हा शब्द त्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलांसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली २३ प्रश्नांची असून तीत शारीरिक, भावनिक, सामाजिक आणि शालेय असे चार भाग आहेत. ती कोणत्याही आजाराला चालते, म्हणून ठेंगण्या मुलांच्या खास अडचणी तिच्यातून निसटतात. वरच्या फडताळापर्यंत हात न पोहोचणे किंवा अनोळखी माणसाने वयापेक्षा लहान समजणे, असे अनुभव तिच्यात कुठेच येत नाहीत. म्हणून फ्रान्स, जर्मनी, स्पेन, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांतील मुलांशी व पालकांशी बोलून, हॅम्बुर्गच्या मोनिका बुलिंगर यांच्या पुढाकाराने, केवळ कमी उंचीच्या मुलांसाठी ‘क्वालिसी’ नावाची प्रश्नावली तयार झाली. तिची एक प्रत मूल भरते आणि दुसरी पालक भरतात. या दोन प्रतींची उत्तरे सहसा जुळत नाहीत. मूल स्वतःच्या आयुष्याला जेवढे गुण देते त्याहून कमी गुण पालक देतात, हे दीर्घकाळ उपचार घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत पुन्हापुन्हा दिसून आले आहे.

आपल्या घरी हे उलटे झाले आहे, असे आपल्याला वाटेल. डॉक्टर आणि पालक समाधानी आहेत आणि मुलगा नाराज आहे. पण मुळाशी गोष्ट तीच आहे, कारण मोठी माणसे एका पट्टीने मोजत आहेत आणि मुलगा दुसऱ्या. भारतीय बालरोग संघटनेने २०१५ मध्ये काढलेल्या वाढीच्या तक्त्यांवर (त्यांच्या मांडणीत पुण्याच्या संशोधकांचा मोठा वाटा आहे) १२३ हा आकडा शेवटच्या रेषेच्या खाली होता, आणि आजचा १४८ हा आकडा सामान्य पट्ट्याच्या आत, त्याच्या खालच्या भागात आला आहे. उपचाराविना अशा मुलाची वाढ वर्षाला बहुधा चार सेंटीमीटरच्या आसपास रेंगाळते, म्हणून तीन वर्षांत २५ सेंटीमीटर हा खरोखरच चांगला प्रतिसाद आहे. मुलगा मात्र तक्ता पाहत नाही, तो वर्ग पाहतो. अकरा ते चौदा या तीन वर्षांत सर्वसाधारण मुलगाही सतरा-अठरा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे रोजच्या इंजेक्शनांनंतर मित्रांशी असलेले अंतर जेमतेम सात-आठ सेंटीमीटरनी कमी झाले आहे, आणि त्यातच त्या मित्रांचे आवाज फुटले आहेत, ओठांवर मिसरूड आली आहे. हजाराहून अधिक रात्री मांडीत किंवा पोटात सुई टोचून घेतल्यावरही प्रार्थनेच्या रांगेत आपली जागा दुसरी किंवा तिसरीच असेल, तर ‘किती छान वाढलास’ हे वाक्य त्याला खरे कसे वाटावे?

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या या वयाच्या मुलांना उंचीपेक्षा काही वेगळेच जास्त बोचते, आणि ते म्हणजे वयापेक्षा लहान धरले जाणे. एस.टी.त बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट असते. नववीतल्या मुलाच्या हातात कंडक्टरने न विचारता अर्धे तिकीट दिले आणि आईने पैसे वाचले म्हणून ते ठेवून घेतले, तर त्या मुलाचा पुढचा आठवडा कसा जातो ते मी अनेकांकडून ऐकले आहे. कपडे लहान मुलांच्या विभागातून घ्यावे लागतात आणि त्यांवर कार्टूनची चित्रे असतात. लग्नकार्यात मावश्या-आत्या चुलतभावाशेजारी उभे करून ‘अरे, हा अजून एवढाच?’ म्हणतात. घरातही, नकळत, अशा मुलाला एकट्याने किराणा आणायला पाठवले जात नाही, त्याचे मत विचारले जात नाही, त्याच्या धाकट्या भावंडांना मिळते ते स्वातंत्र्यही त्याला उशिरा मिळते. वर्षानुवर्षे असे वागवले गेलेले मूल हळूहळू तसेच वागू लागते, आणि मग आपण म्हणतो की उंचीमुळे ते मागे पडले. या दुखण्यावर इंजेक्शनचा उपयोग होत नाही. तिकीट पूर्ण काढण्याचा होतो.

संशोधन काय सांगते, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर ते एकसुरी नाही. जर्मनीत ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असलेल्या आणि जन्मतः वजन-उंची कमी असलेल्या मुलांची उपचाराच्या पहिल्या वर्षाआधी व नंतर ‘क्वालिसी’ने मोजणी झाली, तेव्हा शारीरिक, भावनिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांत सुधारणा दिसली. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला, इंग्लंडमधील वेसेक्स अभ्यासात १९८० च्या दशकाच्या मध्याला शाळेत दाखल झालेली, उंचीने तळाच्या तीन टक्क्यांत मोडणारी पण एरवी निरोगी मुले निवडून ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. ही मुले दवाखान्यातून नव्हे तर शाळांतून घेतली होती, हे त्या अभ्यासाचे बळ. चिडवले गेल्याचे या मुलांनी मित्रांपेक्षा अधिक वेळा सांगितले, पण स्वतःबद्दलचा आदर आणि वागणूक यांत सरासरी उंचीच्या मुलांपेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही, आणि अभ्यासातील प्रगतीचा अंदाज उंचीपेक्षा कुटुंबाच्या सामाजिक स्थितीवरून अधिक चांगला बांधता येत होता. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सँडबर्ग यांच्या अभ्यासात तर सहावी ते बारावीच्या वर्गमित्रांनाच विचारले गेले, आणि कोणाला किती मित्र आहेत, कोण किती आवडते, यावर उंचीचा परिणाम नगण्य निघाला. आमच्याकडे येणारी मुले दुःखी असतात म्हणून सर्व ठेंगणी मुले दुःखी असतात असे मानण्याची चूक आम्ही डॉक्टर फार वर्षे करत आलो. दुःखी असलेलीच मुले आमच्याकडे येतात, हे साधे कारण लक्षात यायला वेळ लागला.

आणखी एक दाखला मला सर्वांत बोलका वाटतो. टर्नर सिंड्रोम (एक जन्मजात गुणसूत्रदोष, ज्यात उंची कमी राहते आणि मुली बहुधा आपोआप वयात येत नाहीत) असलेल्या मुलींना उंचीसाठी ग्रोथ हॉर्मोन दिले जाते. फ्रान्समध्ये असे उपचार घेऊन मोठ्या झालेल्या तरुणींचा देशव्यापी अभ्यास झाला आणि २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यांच्या जीवनाची प्रत सर्वसाधारण स्त्रियांसारखीच होती, परंतु कोण किती उंच झाली यावर ती अवलंबून नव्हती. ज्यांना कानाचे किंवा हृदयाचे त्रास होते त्यांच्या जीवनाची प्रत कमी होती. त्याच गटाच्या पुढील अभ्यासात, ज्यांना वयात आणणारे हॉर्मोन उशिरा सुरू केले त्यांचे स्वतःबद्दलचे मत आणि जवळिकीचे अनुभव मागे पडलेले दिसले. थोडी जास्त उंची मिळावी म्हणून डॉक्टरच त्या काळी वयात येणे लांबवत असत. आम्ही सेंटीमीटर मोजत बसलो आणि त्या मुलींना वेळेवर मोठे व्हायचे होते, असा मी त्याचा अर्थ लावते.

म्हणून आपल्या मुलाच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न उंचीचा नसून यौवनाचा आहे. हाडांचे वय १३ आहे म्हणजे यौवन बहुधा सुरू झालेले असावे आणि मोठी उंचवाढ आता व्हायची आहे. डॉक्टरांनी हे तपासले असेलच, पण मुलाला सांगितले आहे का? खोलीत आई-वडील असताना चौदा वर्षांचा मुलगा याविषयी एक शब्दही विचारत नाही. पुढील भेटीत पहिली दहा मिनिटे त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. आपल्या शरीरात बदल सुरू झाले आहेत, ते पुढच्या दोन वर्षांत पूर्ण होतील आणि मित्रांच्या मागोमाग आपणही पोहोचू, एवढे कळले तरी पुष्कळ मुलांचा चेहरा बदलतो. यौवनाला खरोखरच उशीर होत असेल तर त्यासाठी वेगळे, थोड्या मुदतीचे उपचार असतात आणि ते मुलाच्या मनासाठीही द्यावेत, केवळ उंचीच्या हिशेबात अडवून ठेवू नयेत, असे माझे मत आहे.

आता उपचार बंद करण्याविषयी. आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाचा अपेक्षित टप्पा काढायचा तर दोघांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे करतात. आपल्याकडे तो १६६.५ सें.मी. येतो, आणि सध्याची गती टिकली तर मुलगा त्याच्या आसपास पोहोचण्याची चांगली शक्यता आहे. आत्ता थांबवले तर नेमकी यौवनातली वाढ हातची जाईल. हाडांची टोके एकदा जुळली की मग कितीही पैसे खर्चून, कितीही पश्चात्ताप करून ती उघडत नाहीत. शिवाय हे हॉर्मोन केवळ उंचीसाठी नसते. स्नायूंची ताकद, चरबीचे प्रमाण, हाडांची घनता, अंगातला उत्साह, हे सर्व त्याच्याशी जोडलेले आहे, आणि ज्याच्या शरीरात ते मुळात कमी आहे त्याला ते देणे म्हणजे उणीव भरून काढणे आहे. पोलीस भरतीत पुरुषांना १६५ सें.मी. लागतात हा विचार मी सहसा करू देत नाही, कारण चौदाव्या वर्षी मुलावर नोकरीचे ओझे नको. तरी काही घरांत तो असतोच, म्हणून नोंदवते.

परंतु बंद करू नये याचा अर्थ त्याचे ‘बास’ ऐकू नये असा नाही. न्यूझीलंडमध्ये औषधाच्या रिकाम्या कुप्या मोजून केलेल्या एका पाहणीत सुमारे दोनतृतीयांश मुले आठवड्याला एकाहून अधिक इंजेक्शने चुकवत असल्याचे आढळले होते, आणि जेवढी जास्त चुकली तेवढी वाढ मंदावली होती. तेव्हा आपला मुलगा वाईट नाही, बहुसंख्यांपैकी एक आहे. प्रथम एवढे पाहा की नकारामागे शारीरिक त्रास तर नाही ना. सतत डोके दुखणे, नजर अंधुक होणे, लंगडणे किंवा मांडी-गुडघ्यात दुखणे यांपैकी काही असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, कारण या औषधाच्या क्वचित होणाऱ्या परंतु गंभीर परिणामांची ती चिन्हे असू शकतात. तसे काही नसेल, तर बहुतेक वेळा कंटाळा आणि लाज हीच कारणे असतात. पाहुणे आले की फ्रिजमधला इंजेक्शनचा पेन दिसतो, मामाकडे राहायला जायचे तर आइस पॅकचा डबा न्यावा लागतो, आणि सहलीला न जाण्याचे कारण, मला दाट शंका आहे, तेच आहे. तीन दिवसांच्या सहलीसाठी तीन इंजेक्शने चुकली तर काही बिघडते का, असे डॉक्टरांना सरळ विचारा. ज्या मुलांना पूर्वी रक्तातील साखर कमी होण्याचे झटके आलेले नाहीत त्यांना बहुतेक डॉक्टर आनंदाने परवानगी देतात. आठवड्याची मात्रा सहा दिवसांत विभागून एक रात्र मोकळी ठेवण्याची पद्धतही आहे. चुकलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून द्यायची नसते, हेही त्याला सांगा, म्हणजे चुकल्याचे लपवावे लागणार नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची लांब पल्ल्याची औषधे अमेरिकेत २०२१ पासून मुलांच्या उपचारात आली आहेत. आपल्या मुलासाठी तो पर्याय खुला आहे का आणि परवडेल का, याची चौकशी पुढील भेटीत करा.

सुई कोण टोचते, हाही लहान प्रश्न नाही. या वयाची बहुतेक मुले स्वतः पेन वापरू शकतात आणि त्यांना वापरू द्यावा. मात्र ‘आता तू मोठा झालास, तुझे तू बघ’ म्हणून पालकांनी एकदम अंग काढून घेतले की चुकवण्याचे प्रमाण वाढते. जवळ बसावे, इकडचे-तिकडचे बोलावे, कॅलेंडरवर त्याने स्वतः खूण करावी, एवढे पुरते. इंजेक्शनच्या वेळी खर्चाचा उल्लेख मात्र कधीही करू नका. हे औषध महाग आहे आणि त्यासाठी घरात काय काय मागे ठेवले गेले आहे, हे मुलाला आधीच माहीत असते. तो नाराज असण्यात त्या ऋणाचाही वाटा असतो. एका मुलाने मला सांगितले होते की, दर महिन्याला भिंतीपाशी उभे केल्यावर आई आधी रेघ पाहते आणि मग माझा चेहरा पाहते. मोजमाप दवाखान्यात तीन-चार महिन्यांतून एकदा होते तेवढेच ठेवा, घरची रेघ पुसून टाका.

मेस्सीला लहानपणी हेच औषध द्यावे लागले होते, हे प्रत्येक घरात सांगितले जाते आणि ते खरेही आहे. गावसकर आणि तेंडुलकर साडेपाच फुटांच्या आतलेच, हेही खरे आहे. परंतु अनुभवाने सांगते, मुलाला त्याचा उपयोग होत नाही, उलट आता त्याला उंचीही मिळवायची असते आणि जगज्जेताही व्हायचे असते. त्यापेक्षा त्याला आवडणारी, जिच्यात उंचीचा संबंध येत नाही अशी एक गोष्ट त्याला मनसोक्त करू द्यावी, मग ती तबला असो, बुद्धिबळ असो की सायकल दुरुस्ती. चिडवण्याबाबत शाळेशी आपण बोला, त्याला विचारून आणि त्याच्या वर्गासमोर तमाशा न करता. उंची वाढली की चिडवणे आपोआप थांबेल, ही आशा धरू नका.

एका गोष्टीत मात्र थांबून चालत नाही. झोप उडणे, भूक मरणे, गुण अचानक घसरणे, जिवलग मित्रांशीही बोलणे तोडणे किंवा जगण्यात अर्थ नाही असे काही म्हणणे, यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक काळ दिसत असेल, तर तो उंचीचा प्रश्न राहत नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे लागते. जीवाचे बरेवाईट करण्याचे शब्द असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे.

मुलाला शेवट कुठे आहे तेही दाखवा. वर्षाची वाढ दोन सेंटीमीटरच्या खाली आली किंवा हाडांचे वय १६ च्या पुढे गेले की उंचीसाठीचे उपचार थांबतात. त्यानंतर एक ते तीन महिने औषध पूर्ण बंद ठेवून पुन्हा तपासणी करतात, आणि ज्यांच्यात फक्त या एकाच हॉर्मोनची कमतरता होती अशा अनेक मुलांची ती तपासणी मोठेपणी सामान्य येते. ‘जन्मभर सुया’ अशी त्याची समजूत असेल तर ती आजच दूर करा.

राहिला मुलीचा प्रश्न. १९८५ पूर्वी हे हॉर्मोन मृतांच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून काढले जाई, ते फार थोडे मिळे आणि तीव्र कमतरता असलेल्यांनाच दिले जाई. त्या औषधातून मेंदूचा एक जीवघेणा आजार पसरल्याचे उघड झाले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेले हॉर्मोन बाजारात आले. पुरवठ्याची अडचण संपली तेव्हा ‘मिळेल का’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणाकोणाला द्यावे’ हा प्रश्न उभा राहिला. २००३ मध्ये अमेरिकेने कोणतेही कारण न सापडलेल्या ठेंगणेपणासाठीही त्याला मान्यता दिली, पण तीही अगदी तळाच्या एक-सव्वा टक्का मुलांपुरती, आणि त्यांच्यातही चार ते सात वर्षे रोज टोचल्यावर अंतिम उंचीत पडणारी भर सरासरी चार ते सहा सेंटीमीटर असते. आपली मुलगी त्या गटात येतच नाही. दहाव्या वर्षी १२७ सें.मी. ही उंची तक्त्याच्या सामान्य पट्ट्यात आहे, आणि आई-वडिलांच्या बेरजेतून १३ वजा करून निम्मे केले तर तिचा अपेक्षित टप्पा १५३.५ सें.मी. येतो, म्हणजे ती आपल्या घराण्याच्या मापाने नीट चालली आहे. दर सहा महिन्यांनी उंची मोजा. वर्षाला पाच सेंटीमीटर वाढत असेल, आणि वयात येणे फार लवकर किंवा फार उशिरा होत नसेल, तर आणखी काही करू नका, उंची वाढवणाऱ्या पावडरींवरही पैसे घालवू नका. आणि दादाच्या इंजेक्शनच्या वेळी ‘आता हिचाही नंबर’ असे कोणी थट्टेत म्हणत असेल तर त्यांना त्याच क्षणी थांबवा, कारण ते वाक्य दोघांनाही ऐकू जाते.